जोडीदाराचा रकाना

"थांब गं, ते टाइप करू नकोस," मी संचिताला म्हटलं.

संचिता माझ्या भाचीची मुलगी. माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती महापालिका निवडणुकीचं शपथपत्र भरत होती आणि समोर बसलेला आनंद टिपणीस तिला एकेक उत्तर सांगत होता. वय सहासष्ट. शिक्षण बीएस्सी, गणित. गुन्हे नाहीत. घरात शौचालय आहे आणि ते वापरतो. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग पती किंवा पत्नीच्या नावाचा रकाना आला आणि पिनकोड सांगावा तितक्या सहज आनंद म्हणाला, "इनास जोसेफ परेरा. पुढे लिही, दिवंगत."

संचिताची बोटं थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"लिहू दे तिला, मंदाताई," आनंद म्हणाला.

"अर्ज उडेल, आनंद."

"उडू दे."

"अरे, छाननीला बसलेला माणूस पहिल्या मिनिटात बाजूला काढेल. खोटी माहिती म्हणेल. दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानेसुद्धा असं लग्न मानलेलं नाही."

"बाजूला काढताना कारण लिहावं लागतं ना त्याला?"

लागतं. हे मला त्याने विचारायची गरज नव्हती. मी पालिकेच्या नोकरीत चौतीस वर्षं काढली. कोणत्या पालिकेत ते लिहीत नाही, निवृत्त झाल्यावरही काही सवयी सुटत नाहीत. कितीतरी निवडणुकांत अर्ज तपासून घेणाऱ्या टेबलावर मी होते. कोरा राहिलेला रकाना, चुकलेला अनुक्रमांक, सूचकाची राहिलेली सही माझ्या नजरेतून सुटत नसे. उमेदवार साहेबांकडे जाण्याआधी माझ्याकडे यायचे. "बाई, एकदा नजर टाका," म्हणायचे. माझ्या नजरेखालून गेलेला एकही अर्ज कधी उडाला नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो अजून गेलेला नव्हता.

संचिताने नाव टाइप केलं. आनंदने चहा संपवला, उद्या अकराला छापील प्रत घेऊन वकिलाकडे सही-शिक्क्याला जाऊ असं ठरवलं आणि काठी टेकत तो जिना उतरला.

आनंदला मी पहिल्यांदा पाहिलं ते चौऱ्याऐंशी साली. आम्ही डोंबिवली पूर्वेला नुकतेच राहायला आलो होतो. दोन इमारती सोडून तो आईबरोबर राहायचा आणि गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. माझे दोन्ही मुलगे त्याच्याकडे शिकले. त्याच वर्षी इनास त्यांच्याकडे राहायला आला. उत्तनचा मुलगा, मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात फिटर. आधी सगळे त्याला भाडेकरू म्हणाले, मग मित्र म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले. आमच्या वस्तीची ही रीत होती. ज्याला नाव देता येत नाही त्याच्याशी आपण चांगलं वागायचं आणि विषय काढायचा नाही.

इनास गोरापान, कानाची पाळी लाल, हातांना सदैव ग्रीसचा वास. कोणाचा मिक्सर, कोणाची इस्त्री, कोणाच्या टाकीचा पंप, सगळं तो दुरुस्त करून द्यायचा. आनंदच्या आईच्या सोवळ्याओवळ्यातून त्याने स्वतःची वाट कशी काढली ते त्यालाच ठाऊक. म्हातारी सुरुवातीला त्याचं ताट वेगळं ठेवायची. पाचेक वर्षांनी मी गेले तर ती त्याला वालाच्या बिरड्यात मीठ बघायला सांगत होती.

पंच्याण्णव साली आनंद निवडून आला. पाण्यासाठी लोक वैतागले होते, पक्षाला स्वच्छ माणूस हवा होता आणि निम्म्या वॉर्डाच्या मुलांना त्याने बीजगणित शिकवलं होतं. आमच्याकडे रीत अशी की निवडून आलेल्याच्या बायकोने संक्रांतीला वॉर्डातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. पक्षाच्या लोकांनी यंदा नको म्हटलं. आनंदच्या आईने ऐकलं नाही. तीनशे बायका येऊन गेल्या. विधवा म्हणून म्हातारी स्वतः कुंकू लावेना, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. इनास आतल्या खोलीत बसून वाटीने मापून तिळगुळाच्या पुड्या बांधत होता. वाण म्हणून चहाच्या गाळण्या होत्या, त्याही त्यानेच ठाण्याहून आणल्या होत्या. एका बाईने मुद्दाम विचारलं, "नगरसेवकांच्या मिसेस कुठे दिसत नाहीत?"

म्हातारी म्हणाली, "मिसेस नाहीत. आमच्याकडे इनास आहे."

आणि तिने पुढच्या बाईच्या हातात गाळणी ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी, शहाण्णव सालचीच गोष्ट. मी तेव्हा सभेचं इतिवृत्त लिहायला होते. सभागृहात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून सदस्य बोलतील ते लघुलिपीत टिपायचं आणि मागाहून पक्कं करायचं, हे माझं काम. पाणीपुरवठ्यावर चर्चा चालली होती. आनंद वेळापत्रकाबद्दल बोलायला उभा राहिला, तेव्हा समोरच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ज्याच्या घरात बाईमाणूस नाही त्याला नळाचं काय कळतंय?" खसखस पिकली. आनंद हसणं थांबेपर्यंत उभा राहिला. मग त्याने नेहमीच्या, फळ्यासमोरच्या आवाजात सांगितलं की त्याच्या घरी पाणी इनास परेरा भरतो, इनास आणि तो बारा वर्षं नवराबायकोसारखे एकत्र राहतात, आणि सन्माननीय सदस्यांना आणखी काही विचारायचं असेल तर विचारावं, नाहीतर तो मूळ मुद्द्याकडे वळतो.

साठ-पासष्ट माणसं होती सभागृहात. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे कामकाजातून वगळा."

मी वहीत त्या ओळींवरून एक आडवी रेघ मारली. पक्क्या प्रतीत लिहिलं, "सदस्य श्री. टिपणीस यांनी पाणीपुरवठ्याबाबत भावना व्यक्त केल्या." हे वाक्य माझंच. अशी वाक्यं मला चांगली जमायची.

त्यानंतर महिन्याभरात आनंदच्या शिकवणीला बेचाळीसपैकी अकरा मुलं उरली. माझा धाकटा त्या अकरांत होता, एवढं माझ्या बाजूने सांगता येईल. पुढे पक्षाने तिकीट दिलं नाही, आनंदनेही मागितलं नाही. वगळलेल्या त्या ओळींबद्दल तो माझ्याशी कधी एक अक्षर बोलला नाही. दिवाळीला फराळ यायचा, नाताळला इनास कुलकुल्यांचा डबा आणून द्यायचा. वर्षं गेली.

इनास गेला तो गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळ्यात. फुप्फुसं निकामी झाली होती. इस्पितळात नळी घालायची तर नातेवाइकाची सही लागत होती. आनंदने पेन हातात घेतलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोण?" चाळीस वर्षांनंतर त्याला त्या कागदावर लिहावं लागलं, मित्र. आणि मित्राची सही चालत नव्हती. इनासची बहीण उर्सुला उत्तनहून येईपर्यंत अडीच तास गेले. तिने सही केली. आनंद बाहेर बाकावर बसून होता, मी त्याच्या शेजारी. उर्सुला त्याच्याकडे न बघता आत गेली आणि न बघता बाहेर आली. चर्चमधल्या प्रार्थनेलाही तो शेवटच्या बाकावर बसला. कबरीच्या दगडावर त्यांनी जोसेफचा मुलगा आणि उर्सुलाचा भाऊ एवढंच कोरलं.

नंतर साकेत आला. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहणारा, पंचविशीचा, चळवळीतला. उघडपणे आपण असे आहोत हे सांगून निवडून आलेली माणसं जगात कुठे कुठे झाली, याची नोंद तो जमवत होता. बाहेरच्या देशांत म्हणे पन्नास वर्षांची यादी आहे; नगरसेवक, महापौर, मंत्री. आपल्याकडे तृतीयपंथी सरपंच झाले, आमदारही झाले, त्यांचीही नोंद त्याच्याकडे होती. पण आमच्या भागाचं पान कोरं होतं. आनंदने त्याला चहा दिला आणि म्हणाला, "लिही. मी होतो. शहाण्णव साली, भर सभागृहात सांगितलंय."

साकेत आठवडाभर पालिकेत खेटे घालून परत आला. मी तिथेच बसले होते. फार मऊ आवाजात म्हणाला, "काका, मी तुमच्यावर डाऊट नाही घेत. पण इतिवृत्तात तसं काहीच नाहीये. दुसरा काही कागद आहे का?"

आनंदने नकारार्थी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

या डिसेंबरात कितीतरी वर्षांनी निवडणूक लागली आणि आनंदने अपक्ष उभं राहायचं ठरवलं. मी त्याची सूचक झाले. पुन्हा सगळे पाण्याचेच प्रश्न होते, टँकर तेच, शीळफाट्याकडे उठलेल्या टॉवरांना भरपूर पाणी आणि जुन्या इमारती कोरड्या. या वेळी तो निवडून येईल असं मला मनापासून वाटत होतं. आणि एकदा तो आत जाऊन बसला, की मग त्याने काय हवं ते बोलावं. आता बोललेलं कोण खोडणार होतं? सगळं कॅमेऱ्यावर असतं. पण त्यासाठी आधी अर्ज टिकायला हवा होता. एका रकान्यासाठी सगळं घालवायचं याला काय अर्थ?

त्या संध्याकाळी, तो जिना उतरून गेल्यावर, मी संचिताच्या शेजारी बसले.

"जोडीदाराच्या रकान्यात निरंक कर," मी म्हटलं.

"आजी, त्यांनी सांगितलंय ना."

"मला अर्ज कळतात. कर."

"त्यांना विचारून करूया ना? फोन लावते मी."

"संचिता, तो भावनेच्या भरात आहे. उद्या मीच सांगेन त्याला."

तिने केलं. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं नाही. आनंदच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. वकिलाकडे तो म्हणाला, "मंदाताई, तू वाचलंयस ना? मग बोट ठेव, मी सही करतो." मी एकेका पानावर बोट ठेवत गेले आणि तो माझ्या बोटाखाली सही करत गेला. त्या पानावरही. आनंद सत्यनारायण टिपणीस, तेच गोल, मास्तरी अक्षर.

अर्ज मंजूर झाला. कोणी एक प्रश्न विचारला नाही.

मंजूर झालेल्या उमेदवारांची शपथपत्रं कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावतात. आनंद आदल्या दिवसापासून म्हणत होता, असा कसा मंजूर झाला, बघायला पाहिजे. साकेतला घेऊन तो गेला. साकेत मोबाइलवर फोटो काढत होता आणि मोठ्याने वाचून दाखवत होता.

तिथून तो सरळ माझ्याकडे आला. एकटाच. खुर्चीत बसला, काठी मांडीवर आडवी धरली. पाणी घेतलं नाही.

"तू बदललंस?"

"हो."

"मी गेल्यावर?"

"हो. आनंद, तुला तिथे बसलेलं बघायचं होतं रे मला. अर्ज उडाला असता तर..."

"उडाला असता तर त्यांनी लिहून दिलं असतं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. गणित सोडवून दाखवावं तसा तो बोलत होता. "की उमेदवार आनंद टिपणीस यांनी इनास जोसेफ परेरा या पुरुषाचं नाव जोडीदार म्हणून लिहिलं, सबब अर्ज नामंजूर. खाली सही, शिक्का, तारीख. तेवढा कागद हवा होता मला. चाळीस वर्षांत आमच्या दोघांची नावं एका ओळीत असलेला एक कागद नाही, मंदाताई. रेशनकार्ड वेगळं. लाइटबिल माझं. इस्पितळात मी मित्र. दगडावर तर मी नाहीच. मला निवडून कशाला यायचंय या वयात?"

मी म्हटलं, मला हे कळलं नाही.

"मी तुला सांगितलं होतं, उडू दे." तो म्हणाला. "आणि समजा, नसताच उडवला त्यांनी? नवीन मुलगी बसली होती छाननीला. तिने केलाही असता मंजूर. तेही आता कळणार नाही."

मी पाण्याचा भरलेला पेला उचलून बाजूला ठेवला.

"सभागृहातलं तू खोडलंस तेव्हा तुझी नोकरी होती. दोन मुलं होती. मी इनासला तेव्हाच म्हटलं, तिचा इलाज नाही. त्याने तुझ्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही." आनंद उठला. "पण या वेळी कोणी सांगितलं होतं गं तुला?"

त्याने दार हळूच ओढून घेतलं. रागावलेला माणूस दार आपटतो, मी त्या आवाजाची वाट बघत होते.

अर्ज मागे घ्यायला एक दिवस उरला होता. मला वाटलं, तो मागे घेईल. त्याने घेतला नाही. पुढचं सगळं मला संचिताकडून कळलं. तिने स्वतः जाऊन त्याची माफी मागितली आणि त्याच्या प्रचाराला लागली. तो म्हणे तिला म्हणाला, "कागदावर राहिलं नाही ना, मग आता तोंडाने सांगत फिरू. चौदा दिवस आहेत, घरं साडेतीन हजार."

तो हरला, हे आत्ताच सांगून टाकते. चौथा आला. पण त्याआधी तो खरंच घरोघर फिरला. ना गाडी, ना ढोल. संचिता, साकेत, आणि तिसऱ्या दिवसापासून उर्सुला.

उर्सुलाला कोणी बोलावलं नव्हतं. सत्तरीची बाई उत्तनहून बस, रिक्षा, पुन्हा रिक्षा करत त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, संचिताला ठाऊक नाही. संचिता पोचली तेव्हा दोघं स्वयंपाकघरात बसून सुके बोंबील निवडत होती. आमच्याकडे प्रचारात उमेदवाराची बायको त्याच्यासोबत चालते, दारातल्या बाईशी आधी ती बोलते आणि मग उमेदवार हात जोडतो. त्या जागी उर्सुला चालायला लागली. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, निळी नऊवारी, गळ्यात क्रूस.

काही दारं तोंडावर लागली. एका इमारतीत कोणी पत्रकं जिन्यावरून खाली फेकली, ती उर्सुलाने गोळा करून पुन्हा पिशवीत भरली. एका घरात मात्र, आनंदकडे कधीकाळी शिकवणीला असलेल्या आणि आईने मध्येच काढून घेतलेल्या मुलीने, आता ती स्वतः पंचेचाळिशीची, त्यांना आत बसवून पोहे केले. संचिता रोज येऊन सांगायची आणि मी ऐकायची. ती माझ्यावर रागावली नव्हती. ते जास्त जड जायचं.

आमच्या इमारतीत ते मतदानाच्या चार दिवस आधी आले. सकाळचे दहा वाजले असतील. खालच्या मजल्यांवरून आवाज येत होते. मी साडी बदलली. दोन कप जास्तीचं आधण ठेवलं. मग ते मला बरं दिसेना, म्हणून गॅस बंद केला.

बेल वाजली. दारात उर्सुला एकटी होती. पायऱ्यांनी तिला धाप लागली होती. हातात मतदार यादी, चष्मा नाकावर खाली घसरलेला. तिने मला ओळखलं नाही, की ओळखलं तरी दाखवलं नाही. त्या अडीच तासांत बाकावर कोण कोण होतं, हे बघायला तिने तेव्हा मान वळवलीच नव्हती.

"मंदाकिनी प्रभाकर दिघे?" तिने यादीतून वाचलं.

"हो. मीच."

"मी उर्सुला. आनंद टिपणीसांची मेव्हणी," ती म्हणाली. हे वाक्य एव्हाना तिने हजार दारांत म्हटलं असेल, पण तिने ते नीट, सावकाश म्हटलं. "माझा भाऊ इनास आणि हे, चाळीस वर्षं एकत्र संसार केला यांनी. इनास वारला. हे पाण्यासाठी उभे आहेत. निशाणी नळ. मत द्या."

मी मान हलवली. तिने माझ्या हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर माझं नाव, अनुक्रमांक, मतदान केंद्र, खोली क्रमांक. अक्षर आनंदचं होतं.

"ते नाही आले वर?" मी विचारलं.

"गुडघे दुखतात म्हणाले."

शेजारच्या इमारतीत तो काल चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता. आमचं घर दुसऱ्यावर.

मी म्हटलं, चहा घ्या. उर्सुला म्हणाली, अजून बरीच घरं आहेत. कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरायला लागली. मी गॅलरीत गेले.

आनंद फाटकाशी उन्हात उभा होता. काळा चष्मा, इस्त्रीचा सदरा, काठी. उर्सुला खाली पोचली तसा त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली. तिने काहीतरी सांगितलं. त्याने यादी डोळ्यांजवळ धरली, बोट एकेका नावावरून खाली आणलं, एका ठिकाणी थांबला आणि पेनाने बारीकशी खूण केली, घर झालं अशी. मग उर्सुलाच्या हाताला धरून त्याने तिला गटारावरची फरशी ओलांडवली, आणि दोघं पुढच्या इमारतीत शिरली.